व्हॉयेजरचा 'थ्रेशोल्ड' : लेकीला दाखवू की गाळून पुढे जाऊ?

कळव्याचा कप्तान

मंडळी, प्रश्न गंभीर आहे. हसायचं असेल तर हसा, पण उत्तर देऊन मग हसा.

लेकीची दहावी संपली आणि सुट्टीत मी तिला 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर' लावून दिली. आधी मूळ मालिका का नाही, 'नेक्स्ट जनरेशन' का नाही, हा वाद इथे नको. त्यासाठी वेगळा धागा आहे आणि तिथे माझी यथेच्छ धुलाई झालेली आहे. कप्तान बाई आहे, जहाज घरापासून ७०,००० प्रकाशवर्षं लांब फेकलं गेलंय, पूर्ण वेगाने निघालं तरी पोचायला ७५ वर्षं लागणार, एवढ्या भांडवलावर पोरगी अडकली. रोज रात्री जेवणं झाली की एक भाग. आता दुसऱ्या सीझनच्या मध्यावर आलोय. काल 'अलायन्सेस' झाला. म्हणजे पुढचा 'थ्रेशोल्ड'.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जहाजाला नव्या प्रकारचं डायलिथियम, म्हणजे इंजिनाला लागणारं खनिज, सापडतं. ते वापरून टॉम पॅरिस, बेलाना टोरेस आणि हॅरी किम वॉर्प १० गाठायचं ठरवतात. वॉर्प हे प्रकाशापेक्षा जास्त वेगाचं मोजमाप, आणि वॉर्प १० म्हणजे अनंत वेग. तिथे पोचलात की विश्वात एकाच वेळी सगळीकडे तुम्हीच. पॅरिस 'कॉक्रेन' नावाच्या शटलमधून, म्हणजे छोट्या यानातून, जातो, खरंच वॉर्प १० गाठतो, परत येतो. मग जहाजावरचा आचारी नीलिक्स याच्या हातची कॉफी पितो आणि कोसळतो, कारण त्याच्या शरीराला आता पाणीच सोसत नाही. मरतो. रात्री उठून बसतो. आता हृदयं दोन. केस गळतात, जीभ गळून हातात येते, कातडी बदलते. डॉक्टर सांगतो, याची उत्क्रांती भरधाव पुढे चाललीय. मग पॅरिस कप्तान जेनवेला पळवतो, तिलाही वॉर्प १० वर नेतो, आणि काही दिवसांनी शोधायला गेलेल्यांना एका दलदलीच्या ग्रहावर दोन भलेमोठे सॅलमँडरसारखे (शेपटीवाले उभयचर) प्राणी सापडतात. पिल्लांसकट. डॉक्टर दोघांना परत माणसात आणतो. पिल्लं तिथेच राहतात. समाप्त.

हे मी बनवून सांगत नाहीये. २९ जानेवारी १९९६ ला हे अमेरिकेत टीव्हीवर दाखवलं गेलं.

तर लेकीने नेटवर आधीच वाचून ठेवलंय की स्टार ट्रेकच्या इतिहासातला सगळ्यात वाईट भाग तो हाच. ती म्हणते, "बाबा, त्या दिवशी मैत्रिणींना बोलवू, भेळ करू, जाम मजा येईल." आणि मला ते नकोय. मला या भागाचं हसू येत नाही, राग येतो. तोही सॅलमँडरचा नाही.

पहिली पंचवीसेक मिनिटं चांगली आहेत हो. पॅरिस हा माणूस काय आहे ते आठवा. ॲडमिरलचा मुलगा. याच्या चुकीने अपघात झाला, माणसं गेली, याने अहवालात खोटं लिहिलं, मग स्वतःच कबूल केलं आणि स्टारफ्लीट या अंतराळदलातून हाकलला गेला. पुढे माकी नावाच्या बंडखोरांना जाऊन मिळाला तर पहिल्याच कामगिरीवर पकडला गेला. अशा माणसाला इतिहासात नाव लागायची संधी येते, आणि नेमकं तेव्हा डॉक्टर सांगतो की याच्या मेंदूला थोडा धोका आहे. जेनवे म्हणते, मग किम जाईल. त्यावर पॅरिस तिला सांगतो की मी लहान असताना वडील सगळ्यांना सांगायचे, हा पोरगा मोठेपणी काहीतरी करून दाखवणार. पॅरिस झालेल्या रॉबर्ट डंकन मॅकनीलने त्या प्रसंगात जीव ओतलाय. पुढे शरीर बदलायला लागतं तेव्हाचा त्याचा चिडका, घाबरलेला, मधेच गर्विष्ठ होणारा आवाज ऐका. भयपट म्हणून फर्स्टक्लास. त्या वर्षी मेकअपचा एमी या भागाला मिळाला, तो काही चेष्टेत नाही मिळाला.

म्हणजे आयुष्यभर जे मागत होता ते माणसाला मिळालं आणि त्याची किंमत त्याच्या शरीराने मोजली, इथवर गोष्ट आणलीय. आता शेवट काय? दवाखान्यात दोघं शेजारी शेजारी, एक विनोद, पॅरिसची दोन समजूतदार वाक्यं, आणि पुढच्या आठवड्यात पाटी कोरी. पिल्लांचं नाव नाही. अनंत वेगाचं नाव नाही. ज्या शोधाने अख्खं जहाज घरी गेलं असतं तो शोध कपाटात. माझा राग या पाटी पुसण्यावर आहे.

आता पोरीने हे भेळ खात बघितलं तर पहिली पंचवीस मिनिटंही वाया जाणार, कारण ती शेवटाची वाट बघत हसत राहणार. गाळलं तर ती एकटी मोबाईलवर बघणार, ते त्याहून वाईट. आधी बसवून समजावलं तर बाबा पुन्हा लेक्चर देतोय. काय करू?

घाटावरचा

गाळा. ४५ मिनिटं वाचतात. त्यात भेळ करून खा, भाग न बघता.

अणुरेणू

कप्तान, शेवटाच्या रागाला माझं अनुमोदन, पण तुमची 'चांगली' पंचवीस मिनिटंही मला पचत नाहीत.

वॉर्पच्या आकड्यांचं आधी बघू. ७०,००० प्रकाशवर्षं ७५ वर्षांत, म्हणजे सरासरी प्रकाशाच्या साधारण ९३३ पट वेग. जहाजाची कमाल मर्यादा पहिल्याच भागात वॉर्प ९.९७५ अशी सांगितलीय. म्हणजे ९.९७५ आणि १० मधल्या त्या इवल्याशा फटीत उरलेले सगळे वेग, थेट अनंतापर्यंत, कोंबलेले आहेत. ही मोजपट्टी 'नेक्स्ट जनरेशन'च्या वेळी आखली. त्यात १० ही गाठता न येणारी रेघ. त्याआधी मूळ मालिकेत असलं काही नव्हतं, 'दॅट विच सर्व्हाइव्ह्ज'मध्ये एंटरप्राइज चक्क वॉर्प १४.१ ला जाते. आणि गंमत म्हणजे 'नेक्स्ट जनरेशन'च्याच शेवटच्या भागात, १९९४ साली, भविष्यकाळातली जहाजं वॉर्प १३ च्या गोष्टी करतात. म्हणजे 'थ्रेशोल्ड' यायच्या दोन वर्षं आधी घरच्याच लोकांनी ती रेघ ओलांडून ठेवली होती.

चला, तेही सोडू. रेघ गाठली असं धरू. तुम्ही सगळीकडे आहात तर बाहेर कुठे पडणार? पहिल्या खेपेला पॅरिस बरोब्बर व्हॉयेजरच्या शेजारी बाहेर पडतो. दुसऱ्या खेपेला एका दलदलीत. अख्ख्या विश्वातून निवड करायला मिळाली आणि पठ्ठ्याने दलदल निवडली.

आणि आता खरं दुखणं. डॉक्टरकडे उपाय आहे! तो दोघांना ठणठणीत करतो! मग भरा ना लोक शटलमध्ये. एका वेळी दोन जातात, तर दोन. घरी पोचवा, अंगावर खवले उगवायच्या आत इंजेक्शन द्या, पुढची खेप. दीडशे माणसं आहेत जहाजावर. कराडच्या स्टँडबाहेर वडाप असतं तसं वडाप चालू करा, महिन्याभरात जहाज रिकामं. निदान घरच्यांना एक निरोप तरी पाठवा. एवढंही कुणाला सुचत नाही. आणि पुढचे पाच सीझन हीच माणसं घरच्या आठवणीने उसासे टाकतात.

चौथ्या सीझनमधल्या 'डे ऑफ ऑनर'मध्ये पॅरिस म्हणतो, ट्रान्सवॉर्पच्या बोगद्यातून मी कधी जहाज नेलेलं नाही. तो बोगदा वेगळा, हा प्रयोग वेगळा, हे मान्य. पण बऱ्याच चाहत्यांनी ते वाक्य 'थ्रेशोल्ड घडलाच नाही' असंच ऐकलं. मीही त्यातलाच.

माझं मत : गाळा.

कळव्याचा कप्तान

@घाटावरचा, गाळता येत नाही हो. त्यात जोनसचा धागा आहे. जहाजावरचा हा फितूर काझोन या शत्रू टोळ्यांना बातम्या पुरवतो, हे प्रकरण 'अलायन्सेस'मध्ये सुरू होतं आणि 'इन्व्हेस्टिगेशन्स'मध्ये संपतं. 'थ्रेशोल्ड'मध्ये तो वॉर्प १० ची माहिती त्यांना पाठवतो. पोरगी असले धागे माझ्यापेक्षा जास्त लक्षात ठेवते, मधला भाग गाळला तर लगेच विचारेल.

@अणुरेणू, वडाप! साहेब, ऑफिसात चहा नाकात गेला. आणि तुमच्याच मुद्द्यात भर घाला : काझोनकडे अनंत वेगाची माहिती पोचली. ज्यांना धड पाणी मिळवता येत नाही अशा टोळ्यांच्या हाती विश्वातलं सर्वांत भयानक तंत्रज्ञान आलं. पुढे? काही नाही. त्यांनीही पाटी पुसली बहुतेक.

बेडकी

मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हा धागा दिसला की माझे हात शिवशिवतात. आधी किरकोळ काम : वर कुणी अजून पाल किंवा सरडा म्हटलेलं नाही, त्याबद्दल कप्तानांचे आभार. दुसऱ्या एका ठिकाणी लोक 'पालीचा एपिसोड' म्हणत होते. ते जीव ओल्या कातडीचे, पाण्याकाठचे, म्हणजे उभयचरांसारखे दाखवलेत. आपल्याकडे सह्याद्रीत सॅलमँडर नाहीत. बघायचा तर दार्जिलिंगकडे जावं लागतं.

आता उत्क्रांती. एकट्या माणसाची उत्क्रांती होत नसते. ती पिढ्यांची होते, समूहाची होते, आणि त्यासाठी कुणीतरी टिकावं लागतं आणि कुणीतरी गळावं लागतं. दवाखान्याच्या कॉटवर पडलेला पॅरिस कशाशी जुळवून घेत होता? चादरीशी? शिवाय भाग असं गृहीत धरतो की माणसाच्या पेशीत पुढच्या लाखो वर्षांचं वेळापत्रक आधीच छापून ठेवलंय, आणि वॉर्प १० ने फक्त पानं भराभर उलटली. असं वेळापत्रक नसतं. हवामान बदललं, अन्न बदललं, शत्रू बदलले की रस्ता बदलतो.

हा घोळ या भागाचे पटकथाकार ब्रॅनन ब्रागा यांनी आधीही घातला होता. 'नेक्स्ट जनरेशन'मधला 'जेनेसिस' (१९९४) त्यांचाच, त्यात सगळे उलट्या दिशेने जातात, कुणी कोळी होतो, कुणी उभयचर. दोन्ही भागांत उत्क्रांती म्हणजे एक जिना, वर जा नाहीतर खाली या.

पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती फारशी कुणी सांगत नाही. ब्रागांनी नंतर सांगितलंय की त्यांना नेमकं याच्या उलट म्हणायचं होतं. भविष्यातला माणूस म्हटलं की सगळे मोठ्या डोक्याचा, प्रकाशमय, देवासारखा प्राणी दाखवतात. त्यांना वाटलं, कशावरून? पुढचा माणूस साधासुधा, चिखलात सुखाने राहणारा जीवही असू शकेल. कल्पना म्हणून हे शास्त्राला धरून आहे! पावसाळ्यात आंबोलीला ओला दगड उलटला तर कधी कधी देवगांडूळ दिसतो. गांडूळ नाही तो, बेडकाचा नातलग आहे. त्याच्या पूर्वजांना पाय होते, मातीत बिळं करून राहताना ते गेले. तो मागासला असं म्हणायचं का? त्याचं उत्तम चाललंय. हे पडद्यावर एका संवादात सांगता आलं असतं. तो संवाद भागात नाही. ब्रागा स्वतःच मान्य करतात की मुद्दा पोचला नाही, आणि या भागाला त्यांनी स्वतः घातलेल्या शिव्या वरच्या सगळ्या प्रतिसादांपेक्षा झणझणीत आहेत.

त्यातून एक विसंगती मला अजून झोपू देत नाही. पाण्याचा घोट सोसत नाही म्हणून कोसळलेला माणूस शेवटी दलदलीत संसार थाटतो. पटकथा वाचणाऱ्या एकालाही हे दिसलं नसेल?

आणि पिल्लं. उपकप्तान चाकोटे बघतो, ती पाण्यात सुळकन जातात, हा शांतपणे निघून येतो. परग्रहावर परकी प्रजाती सोडून दिली की हो! आपल्या उजनीत चिलापी या परक्या माशाने काय केलं ते तिथल्या कोळ्यांना विचारा. दुसऱ्यांच्या जगात ढवळाढवळ करायची नाही असा यांचा एवढा मोठा नियम, आणि इथे कप्तानाचीच पोरं टाकून दिली.

कप्तान, जरूर दाखवा. लेक अकरावीला सायन्स घेणार असेल तर वही घेऊन बसवा आणि चुका शोधायला लावा. माझ्या वर्गात 'जेनेसिस'वर हे करून झालंय, पोरं तुटून पडतात.

सोनचाफा

बेडकीताई, सुंदर प्रतिसाद. पण एवढ्या सगळ्या चर्चेत जेनवेबद्दल कुणीच काही बोललं नाही, याचं नवल वाटलं.

कप्तान म्हणतात पॅरिसची गोष्ट वाया गेली. पॅरिसला निदान गोष्ट होती. जेनवेला काय आहे? स्टार ट्रेकमधली पहिली बाई, जिच्या खांद्यावर अख्खी मालिका आहे. तिला बेशुद्ध करून उचलून नेतात, तिच्या शरीराचं तिला न विचारता काय वाटेल ते होतं, तिला पिल्लं होतात, आणि शुद्धीवर आल्यावर तिच्या तोंडी काय? मुलांचा विचार मनात आला होता, पण तुझ्यापासून होतील असं वाटलं नव्हतं. वर ती त्याचीच समजूत काढते, की काही प्राण्यांत पुढाकार मादीही घेते. म्हणजे झाल्या प्रकाराची अर्धी जबाबदारी हसत हसत हिच्याच गळ्यात. जेनवे झालेली केट मुलग्रू ते वाक्य इतक्या सहजपणे टाकते की आपणही हसतो, आणि हसल्यावर मला दर वेळी कसंसंच होतं.

सुरक्षाप्रमुख ट्यूवॉक आणि चाकोटेचा शेवटचा संवाद घ्या. चाकोटे म्हणतो हे नोंदवहीत कसं लिहू, आणि ट्यूवॉक म्हणतो मी वाचायला उत्सुक आहे. ट्यूवॉक झालेल्या टिम रसच्या निर्विकार चेहऱ्यामुळे जोक बसतो. पण तो जोक कुणावर आहे?

तुमची लेक सोळा वर्षांची आहे. कप्तान बाई आहे म्हणून मालिकेत अडकली असं तुम्हीच लिहिलंत. तर वॉर्प १३ आणि १४ राहू दे बाजूला. भाग संपला की एवढंच विचारा, जेनवेच्या जागी पुरुष कप्तान असता तर हेच लिहिलं असतं का? तिचं उत्तर मला ऐकायला आवडेल. लेक्चर तुम्ही देऊ नका.

जर्सीवाला

मी हा भाग पहिल्यांदा दाखवला त्या रात्री पाहिलेला माणूस आहे, त्यामुळे साक्ष नोंदवून घ्या.

सोमवार होता. न्यू जर्सीत एमएस करत होतो, आम्ही चार मराठी पोरं एका अपार्टमेंटमध्ये, आणि यूपीएन हे चॅनल आमच्या काडीच्या अँटेनावर धड दिसत नसे. एकाने अँटेना धरून उभं राहायचं, जाहिरातीत पाळी बदलायची. त्या काळात एक भाग चुकला की संपलं. आठवडाभर वाट बघून आम्ही हे बघितलं. जीभ गळते त्या प्रसंगाला सगळे गप्प. डॉक्टर पॅरिसच्या कानाशी "उठा लेफ्टनंट!" म्हणून ओरडतो तिथे सगळे फुटलो, तो खरोखर चांगला विनोद आहे. आणि दलदलीचा सीन आल्यावर अँटेना धरलेला मित्र म्हणाला, "माझ्या हातामुळे दुसरं चॅनल लागलंय का रे?"

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये यूजनेट, म्हणजे तेव्हाचे नेटवरचे चर्चागट, उघडलं तर आग लागली होती. आणि ती चेष्टा नव्हती, हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. लोक दुखावलेले होते. मालिका जेमतेम वर्षाची, नवं चॅनल तिच्यावर उभं केलेलं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की घरापासून तुटलेलं जहाज ही कल्पना स्टार ट्रेकला नवं काही देईल. अडचणी साठत जातील, जहाज खिळखिळं होत जाईल, माणसं बदलतील. त्याऐवजी दर आठवड्याला सगळं नवंकोरं. 'थ्रेशोल्ड' हा त्या रोगाचा सगळ्यात बटबटीत पेशंट होता, एवढंच. म्हणून कप्तानांचा राग मला जवळचा वाटतो. १९९६ चा राग आहे तो.

पण पुढचं मात्र मला पटत नाही. हसण्याने या भागाचं नुकसान झालं असं तुम्ही म्हणता. मी म्हणतो हसण्यानेच तो वाचला. त्या सीझनमधले धड ना वाईट ना चांगले असे कितीतरी भाग आज कुणालाही आठवत नाहीत. हा आठवतो. २९ जानेवारीला नेटवर लोक 'थ्रेशोल्ड डे' पाळतात, सॅलमँडरची चित्रं काढतात, केक करतात. २०२३ मध्ये 'लोअर डेक्स' या स्टार ट्रेकच्याच ॲनिमेटेड मालिकेने व्हॉयेजरचं संग्रहालय झालेलं दाखवलं तर त्यात या जोडप्यालाही जागा मिळाली. मालिकेच्या लेखकांनी पाटी पुसली आणि चाहत्यांनी ती परत लिहिली. तुमच्या लेकीच्या मैत्रिणी भेळ खात हसल्या तर त्याही तेच करणार आहेत. येऊ द्या त्यांना.

जुनं खोड

कप्तानसाहेब, आम्ही रविवारी सकाळी दूरदर्शनवर मूळ मालिकेतल्या कर्क आणि स्पॉकला बघून वाढलेली पिढी. आमच्यासाठी वाईट भागाचा मानदंड एकच, 'स्पॉक्स ब्रेन'. स्पॉकचा मेंदू चोरीला जातो आणि डॉक्टर मॅकॉय बिनमेंदूच्या स्पॉकला रिमोटवर चालवतो. सप्टेंबर १९६८, तिसऱ्या सीझनचा पहिला भाग. त्या वर्षी एनबीसी वाहिनीने मालिका शुक्रवारी रात्री दहाला टाकली, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर असतो. पैसे कापले. मालिकेचे जनक रॉडनबेरी यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतलं. ज्या जीन कून यांनी पूर्वी उत्तमोत्तम भाग लिहिले, त्यांनी हा टोपणनावाने लिहिला. म्हणजे तिथे वाईटाला कारणं होती.

'नेक्स्ट जनरेशन'चा 'शेड्स ऑफ ग्रे' (१९८९) तर निव्वळ जुन्या भागांचे तुकडे जोडून केलेला. पैसा आणि वेळ दोन्ही संपले होते, निदान लपवलं तरी नाही.

'थ्रेशोल्ड'ला असली सबब नाही, पैसे होते, मेकअपवर तर भरपूर होते. एकच सबब आहे आणि ती मी देतो : वर्षाला २६ भाग. तुम्ही आजकालच्या आठ-दहा भागांच्या मालिका बघता, तिथे एक वाईट भाग म्हणजे वर्ष वाया. २६ मध्ये एखादा असा निघणारच, आणि २६ असतात म्हणूनच एखाद्या लेखकाला असला वेडा जुगार खेळता येतो. आठ भागांच्या मालिकेत कप्तानाला सॅलमँडर करायची परवानगी कोण देईल? कुणी देत नाही, म्हणून त्या मालिका गुळगुळीत असतात. मला हा वेडेपणा हवा आहे.

दाखवा. मैत्रिणींसकट.

घाटावरचा

सगळे दाखवा म्हणतायत. मी अजूनही गाळा म्हणतोय. नोंद असावी.

कळव्याचा कप्तान

सगळ्यांचे आभार. सोनचाफा, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. पॅरिसच्या बाजूने एवढी वर्षं भांडलो, जेनवेच्या बाजूने भांडायला मी एकदाही उठलो नाही. प्रश्न विचारेन तिला, तुमच्याच शब्दांत, आणि उत्तर आलं की इथे टाकेन. बेडकीताई, वही नको, ती आत्ताच परीक्षेतून सुटलीय. पण देवगांडूळ सांगणार.

जर्सीवाले, हसण्याचं तुमचं म्हणणं मला अर्धंच पटलं. चाहत्यांनी सॅलमँडर जपला, खरंय. पण पॅरिसने वडिलांबद्दल सांगितलेलं कुणी जपलं नाही. 'थ्रेशोल्ड डे'ला त्या प्रसंगाचं चित्र काढलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तरी एक मधला मार्ग काढलाय. शनिवारी 'थ्रेशोल्ड', मैत्रिणी आल्या तर आल्या, भेळही करू. आणि कुणालाही उठू न देता लगेच पुढचा 'मेल्ड' लावायचा. तो ५ फेब्रुवारी १९९६ चा, म्हणजे बरोब्बर आठवड्याने आलेला. तेच जहाज, तीच माणसं, आणि तरी पाटी पुसलेली नाही. जहाजावरच्याच सूडरने खून केलाय, त्याच्या मनातली हिंसा शांत करायला ट्यूवॉक त्याच्याशी मन जुळवतो आणि ती हिंसाच त्याच्यात उतरते. होलोडेकवरच्या, म्हणजे आभासी दृश्यांच्या खोलीतल्या, नकली नीलिक्सचा गळा आवळतो तो प्रसंग आठवतोय ना? आणि सूडर नाहीसा होत नाही. खोलीत कोंडलेला राहतो आणि 'बेसिक्स'च्या दोन भागांत, म्हणजे हा सीझन संपताना आणि पुढचा सुरू होताना, त्याचा हिशोब पूर्ण होतो. एका आठवड्याच्या अंतराने हे लोक हेही लिहू शकत होते, म्हणून माझा राग जास्त आहे.

फक्त एक शंका. 'मेल्ड' बघून मला खूप वर्षं झाली. सोळा वर्षांच्या पोरींना, तेही दुसऱ्यांच्या, दाखवण्यासारखा आहे ना? त्यांच्या आयांचे फोन मला येतील.

सोनचाफा

आहे. खून झाल्यानंतर गोष्ट सुरू होते, रक्तपात असा नाही. पण सूडर झालेला ब्रॅड डूरिफ नुसता बघतो तेव्हाच भीती वाटते, आणि चिडलेला ट्यूवॉक त्याहून जास्त घाबरवतो. फार रात्री लावू नका आणि भेळ आधीच्या भागातच संपवा.

अणुरेणू

आणि मधल्या वेळात वडापचा हिशोब मांडून दाखवा त्यांना. दोघादोघांनी दीडशे माणसं, चालक धरून. चालक दर खेपेला परत येणार, म्हणजे एका खेपेत एकच उतारू जातो. हे मी आधी धरलंच नव्हतं.